ताईची साक्ष

दोनदा नाकारलेला प्रस्ताव घेऊन ती रसायनतज्ज्ञ तिसऱ्यांदा निधी समितीपुढे उभी राहिली, तेव्हा तिने थोरल्या बहिणीलाही सोबत आणलं होतं. ताई वीस वर्षं ड्रायक्लीनिंगच्या दुकानात राबत होती. तिथल्या द्रावणाच्या वासाने रोज डोकं धरूनच घरी यायची.

“जुनं द्रावण स्वस्त आहे. मग नव्याचा हट्ट कशाला?” अध्यक्षांनी विचारलं.

धाकटी तोंड उघडणार, तोच ताई म्हणाली, “साहेब, महिनाभर मी हिचंच द्रावण वापरलं. डाग जरा उशिरा निघतो, पण डोकं दुखत नाही.”

समितीने तीन वर्षांऐवजी एकाच वर्षाचा निधी मंजूर केला.

“एक तर एक!” म्हणत धाकटीने बाह्या सरसावल्या आणि डाग लवकर कसा निघेल, याच्या ती त्याच दुपारी हात धुऊन मागे लागली.