दुसऱ्या गिअरमध्ये उठवलेली पिकअप

वखारवाल्याला गाडीनं नाही म्हटलेलं खपत नसे. माणसानं म्हटलेलं तर त्याहून नाही. त्या दिवशी दुपारी वखारीला सुट्टी होती, करवत बंद होती, आणि सासऱ्याकडून आलेली जुनी पिकअप फाटकाकडे तोंड करून आवारात अडून बसली होती. तिचा गिअर स्टिअरिंगखालीच, दांडीला लावलेला. तो पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे कुठेतरी रुतला होता, आणि वखारवाला दोन्ही हातांनी हिसके मारून घामाघूम झाला होता.

नेमका तेव्हाच मेव्हणा आला. गवंडी माणूस, रुंद खांद्यांचा, बोलायला मऊ. ताईला माहेरी न्यायला आला होता. ती जिन्यावरून पडली आणि दात गेला, असं त्याला कळवलं होतं. ताईच्या घराला जिनाच नव्हता.

तरी तो भांडला नाही. गाडीकडे बघून म्हणाला, "दाजी, हिसडून नाही सुटायचा तो. बॉनेट उघडून खालच्या दोन दांड्या सरळ करा. बाबा तसंच करायचे."

एवढंच बोलला बिचारा. वखारवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं जॅकचा दांडा उचलून मेव्हण्याच्या कानशिलावर हाणला. दुसरा तडाखा मानेवर बसला. तिसरा आडव्या धरलेल्या हातावर, आणि हाड मोडल्याचा आवाज आवारातल्या घराच्या दारात उभ्या ताईपर्यंत आला. ती किंचाळत धावली. तिचा फोन हिसकावून त्यानं दगडावर आपटला, तिला केसांना धरून ओंडक्यांवर ढकललं, आणि "सोंग करतोय तुझा भाऊ," म्हणत तो नळावर गेला. हात मात्र साबण लावून स्वच्छ धुतले.

भाऊ सोंग करत नव्हता. त्याच्या कानातून रक्त येत होतं आणि तो ताईलाच "आई" म्हणत होता. तिनं त्याच्या काखेत खांदा घातला, फरफटत नेऊन त्याला पिकअपमध्ये बसवलं. दवाखाना आठ किलोमीटरवर. रडायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर रडून रडून तिला कंटाळाही आला होता.

किल्ली गाडीलाच होती, पण गिअर हलेना. तिनं बॉनेट उघडलं. स्टिअरिंगचा नळा जिथे खाली उतरतो तिथे दोन आखूड दांड्या, एकीवर एक. एक पहिल्या गिअरची आणि रिव्हर्सची, दुसरी दुसऱ्या-तिसऱ्याची. दोन्ही अर्धवट सरकून एकमेकींना अडवत होत्या. तिनं स्क्रूड्रायव्हर घालून एक मागे ओढली. खट्. आता दुसरी. हात कोपरापर्यंत आत गेला.

"माझ्या गाडीला हात लावतेस?"

तिनं मान वळवायच्या आत बॉनेट तिच्या पाठीवर आदळलं. मग त्यानं वरून अंगाचा भार टाकला. तिच्या बरगडीत काहीतरी मोडलं. श्वास घेता येईना, पण बोटं त्या दुसऱ्या दांडीवरच होती. ती दांडी तिनं ओढली. खट्. मग स्क्रूड्रायव्हर उपसून तिनं मागच्या मागे भोसकला. तो वखारवाल्याच्या मांडीत मुठीपर्यंत घुसला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्याचं कळवळून ओरडणं तिनं पहिल्यांदाच ऐकलं आणि तिला ते आवडलं.

तो मागे सरकताच ती बाहेर निसटली, बॉनेट आपटून गाडीत चढली आणि दार लावून घेतलं. तो लंगडत फाटकात जाऊन उभा राहिला, एका हातानं मांडी दाबून. आणि हसला.

"जा ना! पहिल्यातून दुसऱ्यात टाक बघू. अडकली की खाली ओढतो तुला. मग दोघांना एकदमच बघतो."

त्याचंही बरोबर होतं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना ती गाडी दहातल्या नऊ वेळा रुतायची. पण झिजलेल्या गाडीचे लाड बाबांनी कसे केले, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. बाबा तिला म्हणायचे, "पहिला विसरून जा, पोरी. दुसऱ्यातच उठव. दुसरा-तिसरा एकाच दांडीवर आहेत, तिथे अडकायचं कारणच नाही."

तिनं किल्ली फिरवली आणि थेट दुसरा टाकला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला, क्लच अगदी हळू सोडला. पिकअप थरथरली, गुरगुरली आणि निघाली. वखारवाला तिथेच उभा होता, गाडी आचका देऊन बंद पडायची वाट बघत. ती बंद पडली नाही. त्याचं हसू कधी गेलं हे ताईला दिसलं, इतका तो जवळ होता. तिचा पाय ब्रेककडे गेला नाही. वखारवाला बॉनेटवर आदळला, मग खाली गेला, मग चाकं त्याच्यावरून गेली. पुढची, नंतर मागची. रस्त्याला लागल्यावर तिनं तिसरा टाकला. लोण्यासारखा पडला.

दवाखान्यात भावाला स्ट्रेचरवर घेतलं. डॉक्टरनं त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. "वेळेवर आणलंत," तो म्हणाला, आणि स्ट्रेचर आत गेलं. ताई भिंतीला टेकून उभी राहिली, बरगडी धरून.

नर्सनं कागद पुढे ओढला. "कुणी मारलं?"

"माझ्या नवऱ्यानं."

"कुठे आहे तो?"

"वखारीच्या फाटकात पडलाय. तिकडेही गाडी पाठवावी लागेल."

नर्स घाईनं फोनकडे वळली. ताई बाकावर बसली.

"सावकाश पाठवा," ती म्हणाली.