चढणारा ओढा

भूगोल विभागाच्या मागे एक ओढा होता आणि गेली बावीस वर्षं तो उलटा वाहत होता. म्हणजे खऱ्यातला नव्हे. खऱ्यातला बिचारा गवताला गुदगुल्या करत, दगडांशी हुज्जत घालत, कुंपणाकडून सायकल स्टँडकडे मुकाट खाली यायचा. पण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या जर्नलांमध्ये तोच ओढा कुंपणापाशी सुरू होऊन सायकल स्टँडपर्यंत चांगला दोन मीटर चढायचा.

त्याचं कारण विभागातल्या काचेच्या कपाटात होतं. तिथे 'आदर्श जर्नल' ठेवलेलं होतं, विभागप्रमुखांच्या स्वतःच्या विद्यार्थीदशेतलं. पोटावर ताणलेल्या सदऱ्याच्या, नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या एकाखाली एक वळ्यांमुळे मुलं त्यांना 'कंटूर सर' म्हणत. ओढ्याची पाहणी सक्तीची होती: तिवईवर लेव्हल, म्हणजे मोजणीची दुर्बीण, लावायची, दहा ठिकाणी आकड्यांची उंच पट्टी उभी धरायची, दुर्बिणीतून आकडे वाचायचे, उतार काढायचा. पण थोरलीचा फ्रॉक धाकटीला यावा तसं ते जर्नल एका तुकडीकडून दुसरीकडे येत गेलं. शिवण कुणी उसवून पाहिली नाही.

यंदाच्या चाळीस जणांत एक शिंप्याची लेक होती. तिने भूगोल घेतला तेव्हा आत्या म्हणाली होती, "म्हणजे पदवी घेऊन चौकात उभी राहणार आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पत्ते सांगणार?"

मशीनवरून मान न उचलता बाप म्हणाला होता, "सांगू दे की. निदान बरोबर सांगेल."

मोजल्याशिवाय कात्री न उचलणाऱ्या घरातली ती. तिने प्रयोगशाळेतल्या काकांकडे लेव्हल मागितली.

"कशाला गं? फोटो काढायचाय?"

"मोजायचंय, काका."

"काय?"

"ओढा."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने अख्खा डोंगर घरी न्यायला मागितलाय. कपाटाची किल्ली सापडायला दोन दिवस लागले. तिवईच्या पायात कोळ्याने संसार थाटला होता, त्याला हलवावं लागलं. मग काका पट्टी धरून पाण्यात उभे राहिले आणि ती दुर्बिणीला डोळा लावून आकडे लिहू लागली. सातव्या ठिकाणी पट्टी रुतली, ती सोडवायला गेली आणि तिचा डावा बूट चिखलात गेला. तिने तेही प्रामाणिकपणे लिहिलं: 'केंद्र सात, डावा बूट ओला.' काका आपले गुणगुणत होते:

"ओढ्या दादा, ओढ्या दादा, चाललास कुठं वर?
सरांच्या गं वहीमध्ये बांधलंय मी घर."

आकडे मांडले तर ओढा खाली आला. तिने आदर्श जर्नल ताडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पट्टीवरचा आकडा जितका मोठा, तितकी जमीन खोल. हे पहिल्या तासाला शिकवतात. सरांनी मोठा आकडा म्हणजे उंच जमीन धरली होती. आणि त्यावर सुवर्णपदक मिळवलं होतं.

सरांनी तिचं जर्नल उघडलं आणि त्यांच्या कंटूररेषा थरथरल्या. "एकोणचाळीस जणांचा ओढा वर जातो. तुझ्या एकटीचाच खाली कसा गेला?"

"सर, पाणी खालीच जातं."

"पाण्याचं मला सांगू नकोस. पाणी बसणार आहे का परीक्षेला?"

"पण सर, खिडकीतून दिसतंय की."

"अगं बाई, खिडकीतून बघून भूगोल आला असता तर एव्हाना सगळे बस कंडक्टर डॉक्टरेट घेऊन बसले असते. आकडे बदल. नाहीतर सही नाही. सही नाही तर प्रात्यक्षिक परीक्षा नाही. मग ये पुढच्या वर्षी, मी इथंच आहे."

ती घरी आली. वर्ष गेलं तर आत्या तो टोमणा जन्मभर पुरवून पुरवून वापरणार, हे दिसतच होतं. बाप काज करत होता. सगळं ऐकून म्हणाला, "दुसऱ्याच्या मापाचा सदरा मी गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालत नाही. पण तुला सही तर हवी ना?"

"हवीच ना, बाबा."

"मग वरचं कापड राहू दे. आतून अस्तर लाव."

दुसऱ्या दिवशी ती मान खाली घालून सरांपुढे उभी राहिली. "सर, आकडे पुन्हा घ्यायला वेळ नाही. पण शेवटी 'त्रुटी' म्हणून रकाना असतो, त्यात चूक लिहून आणलीय."

सर विरघळले. कुणी चूक कबूल केली की त्यांचं लोणी व्हायचं. रकाना भरलेला आहे एवढं त्यांनी पाहिलं, काय भरलंय ते नाही, आणि झोकदार सही ठोकली.

परीक्षेला बाहेरून एक पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. एकोणचाळीस जर्नलं त्यांनी पत्ते पिसावेत तशी हातावेगळी केली. चाळिसाव्याला थांबल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या:

"त्रुटी: प्रत्यक्ष पाहणीत ओढा उताराच्या दिशेने वाहताना आढळला. हे विभागाच्या परंपरेला धरून नाही. ओढ्यास समज देण्यात यावी." त्यांनी चष्मा वर केला. "खाली सही कुणाची?"

"माझी," सर म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा ओल्या कापडासारखा आटला.

"ओढा आहे कुठं?"

सरांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं.

"कागदावरचा नाही हो. पाण्याचा."

सर तरातरा गेले आणि त्यांनी खिडकी उघडली. समोर गाड्या लावलेल्या होत्या. शिंप्याच्या लेकीने हळूच दुसरी उघडली. बाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"जातोय की खाली."

"हल्ली जातोय तसा," सर म्हणाले.

तिला सगळ्यांत जास्त गुण पडले. बाकीचेही पास झाले. बाईंची परतीची गाडी होती, नापास करायला फार लिहावं लागतं.

पुढच्या वर्षी ती पदवीचा कागद न्यायला आली तेव्हा विभागात डोकावली. काचेच्या कपाटात आता तिचं जर्नल होतं, 'आदर्श जर्नल' अशी चिठ्ठी लावून. टेबलावर नव्या तुकडीची चाळीस जर्नलं रचलेली. तिने वरचं उघडलं. ओढा खाली येत होता. दुसरं, तिसरं, सगळीकडे खाली. ती हसत काकांकडे वळली.

"काका, लेव्हल काढली होती ना यंदा मुलांनी?"

"किल्लीच कुठं सापडतेय," काका म्हणाले.

तिने पान उलटलं. केंद्र सात, डावा बूट ओला. पुढचं जर्नल: डावा बूट ओला. शेवटच्या पानावर ओढ्यास समज देण्यात यावी, खाली सरांची झोकदार सही. चाळीसच्या चाळीस बूट तिने तपासले. एकही उजवा नव्हता.