चाळीस पावलं सरकलेला हद्दीचा दगड

मी एक जुना हद्दीचा दगड आहे. मित्रांनो, दगडानं गप्प बसावं असं म्हणतात, पण आज मला ते जमणार नाही! आज आखाजी आहे, म्हणजे आम्हा खानदेशवाल्यांची अक्षय्य तृतीया. माझ्या डोक्यावरच्या निंबाला झोका बांधणं चाललंय, आणि थोड्याच वेळात कुणीतरी माझ्यावर पाय देऊन त्या झोक्यावर चढणार आहे. पण थांबा, पहिल्यापासून सांगतो. नाहीतर म्हणाल, दगड तो दगडच, सुरुवात कुठून करावी हेसुद्धा कळत नाही.

पाचोऱ्याच्या रस्त्याला एक खाण होती. तिथं पुना पाथरवटानं मला घडवलं. मी गुडघ्याएवढा, काळाभोर, आणि माझ्या डोक्यावर त्यानं छिन्नीनं एक सुबक फुली काढली. मग मला सोनगव्हाण शहर आणि टाकरवाडे गाव यांच्या मधोमध पुरलं. इकडे नगरपालिका, तिकडे ग्रामपंचायत आणि मधे मी. दोन्हीकडचे कागद माझ्यापाशी येऊन थांबायचे. मला त्याचा भारी अभिमान होता, खोटं कशाला सांगू?

पुढे कालव्याचं काम निघालं. सरकारनं माझ्या दोन्ही बाजूंची नऊ एकर जागा घेतली, कामगारांसाठी चाळी बांधल्या, माझ्यापासून थोड्या अंतरावर निंबाजवळ विहीर खोदली. काम संपलं, माणसं गेली, चाळींची कौलं एकेक करून गळाली. मग त्या ओसाड जागेत वर्षभर बाभळी वाढायच्या आणि शेळ्या चरायच्या.

फक्त आखाजीला मात्र तिथं जत्रा भरल्यासारखं व्हायचं. गावच्या आणि शहरातल्या पोरी निंबाला झोके बांधायच्या, गौराईची गाणी म्हणायच्या. मग आमच्याकडची रीत सुरू व्हायची. हद्दीच्या अलीकडे एक टोळी, पलीकडे दुसरी, आणि दोन्ही टोळ्या एकमेकींच्या गावाला मनसोक्त शिव्या घालायच्या. "तुम्हना गावनी म्हैस आंधयी!" अशी एकीनं आरोळी ठोकली की दुसरीकडून त्याहून सरस उत्तर यायचं. राग कुणालाच नसायचा. शिव्या देऊन घसा बसला की सगळ्या एकाच विहिरीचं पाणी प्यायच्या.

अशाच एका आखाजीला, पस्तीस वर्षांपूर्वी, झोका फार उंच बांधला गेला. पोरींचे पाय पोचेनात. गावची झुंबर आणि शहरातल्या कापड दुकानदाराची चंद्रकांता या दोघी पुढारी. शिव्या देण्यात एकमेकींच्या पक्क्या वैरिणी आणि एरवी जिवाच्या मैत्रिणी. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना मी दिसलो. पाच-सहा जणींनी मला उकरलं, लोटत लोटत चाळीस पावलं लांब निंबाखाली आणलं आणि माझी पायरी केली. अहाहा! त्या दिवशी माझ्या फुलीवर किती पावलं पडली म्हणून सांगू! मित्रांनो, हद्द राखण्यात मान असेल, पण पायरी होण्यात मजा आहे.

संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, हद्दीचा दगड हलवणं गुन्हा असतो. पोरी घाबरल्या. सगळ्यांनी निंबाला हात लावून शपथ घेतली की हे कुणालाही सांगायचं नाही. मला परत नेऊन ठेवण्याऐवजी त्यांनी शपथ घेतली, इतकं त्यांचं डोकं!

पुढच्या वर्षी कुणा वाटसरूनं मला निंबाखाली पाहिलं आणि शेंदूर फासला. मग नारळ आले, उदबत्त्या आल्या. मी देव नव्हतो, पण हार घालून घ्यायला कुणाला आवडत नाही? तेव्हापासून मला हलवायची कुणाची छाती झाली नाही, आणि माझ्यावर पाय द्यायचीही नाही. पायरीचा देव झाला आणि पोरी झोक्यासाठी घरून स्टूल आणू लागल्या.

या घोटाळ्याची फळं पुढं दिसली. गाव म्हणे दगडाप्रमाणे चाला, शहर म्हणे नकाशाप्रमाणे. विहीर आणि निंब नेमके त्या चाळीस पावलांत अडकलेले. तिथं दिव्याचा खांब कुणी लावायचा यावर दहा वर्षं पत्रं झाली. एकदा तिथं एक कुत्रं मेलं, तर ते उचलायचं कुणी म्हणून दोन्हीकडचे मुकादम माझ्याशेजारी उभे राहून भांडले. मला लाज वाटत होती, पण तोंड कुठं होतं?

आणि मग यंदा सरकारचं पत्र आलं. नऊ एकर जागा आता सरकारला नको होती. गाव आणि शहर या दोघांनी मिळून एकच ठराव केला, तर ती दोघांना कायमची वापरायला मिळणार होती. मुदतीत ठराव झाला नाही, तर लिलाव. टाकरवाड्याची सरपंच आता झुंबरबाई होती आणि सोनगव्हाणची नगराध्यक्ष चंद्रकांताताई! पण ठरावात हद्द लिहायची कोणती, यावरच सगळं अडलं. मुदतीचे आठ दिवस उरले होते. झुंबरबाईची नात भूमिका जिल्ह्याच्या शर्यतीत धावून आलेली पोर, तिला सरावाला मैदान नव्हतं. ती ट्रकच्या रस्त्याकडेनं पळायची. झुंबरबाईनं गावातल्या पोरींना शब्द दिला होता की इथं होईल ते मैदान तुमचंच. शहराला मात्र तिथं दुकानांचे गाळे हवे होते.

शेवटी मोजणी ठरली. समाधान नावाचा तरुण मोजणीदार काठीवर बसवलेलं यंत्र घेऊन आला. दोन्हीकडची माणसं जमली. यंत्र आकाशातून जागा ओळखतं म्हणे. समाधान चालत चालत माझ्यापासून लांब गेला आणि बाभळीजवळ थांबला.

"नकाशात दगड इथं आहे," तो गोंधळून म्हणाला. "मग हा तिकडे कसा?"

गावचे जीवरामआबा उसळले. "देव शे तो! देव काय चालत गया का?"

शहरवाले हसले, गाववाले चिडले. मी शेंदराखाली घामेजलो. शपथ घेतलेल्या बाकीच्या पोरी लग्न होऊन लांब गेल्या होत्या; माझं गुपित जाणणाऱ्या दोघीच उरल्या होत्या, आणि त्या माझ्यासमोर उभ्या होत्या. खरं बोलल्यास विहीर आणि निंब झुंबरबाईच्या गावातून जाणार होते. चंद्रकांताताई बोलली असती तर तिचं शहर तिथंच जिंकलं असतं. पण ती निंबाकडे बघत गप्प उभी होती. पस्तीस वर्षं ती गप्पच होती, मित्रांनो!

झुंबरबाईनं ते पाहिलं. ती पुढं आली आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "हाऊ देव नही शे. हाई ते आम्हना झोकानी पायरी शे. मीच लोटत आणा याले."

"झुंबर, काय बोली ऱ्हायनी तू?" जीवरामआबा ओरडले. "विहीर हातमाईन जाई ना!"

"जाऊ द्या आबा. लिलाव व्हयना ते बठ्ठंच जाई."

बठ्ठं म्हणजे सगळं, नऊच्या नऊ एकर! मग चंद्रकांताताईचा आवाज आला. "एकटीनं नाही लोटला. मीही होते. पण झुंबर, मी शपथ मोडली नाही हं."

"माले माहीत शे," झुंबरबाई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

चंद्रकांताताई आपल्या माणसांकडे वळली. "हद्द नकाशाचीच लिहा. आणि त्याच्याखाली लिहा की विहीर, निंब आणि मैदान दोन्ही गावांचं. आमचे गाळे रस्त्याच्या कडेला बसतील तेवढेच. चाळींच्या जागी पोरांना अभ्यासिका. आहे कबूल?"

तिच्याच नगरपालिकेतले दोघे कुरकुरले. पण ज्या झुंबरबाईनं हातची विहीर अशी सोडून दिली, तिच्यासमोर मोठ्यानं नाही म्हणायला कुणाची जीभ रेटेना. दोन दिवसांत दोन्ही सभांमध्ये एकच मसुदा मंजूर झाला, अक्षरही न बदलता. मुदतीला पाच दिवस राखून!

माझं काय करायचं, हा प्रश्न राहिला. समाधाननं खऱ्या जागी सिमेंटचा नवा खांब रोवला. जीवरामआबांनीच नारळ फोडला, माझी क्षमा मागितली आणि आज सकाळी मला विहिरीच्या पाण्यानं धुतलं. शेंदूर गेला आणि माझी फुली उजेडात आली!

आता बाभळी निघाल्यात, मैदान मोकळं झालंय. चंद्रकांताताईच्या जैन घरात आजच्या दिवशी उसाच्या रसानं पारणं होतं, उपास सुटतो; ते आटोपून ती रसाचा कॅन घेऊन आलीय. दोन टोळ्या समोरासमोर उभ्या आहेत, पण मधे हद्द कुठली धरायची यावर त्यांचं हसून हसून पोट दुखतंय.

मित्रांनो, तुमच्याही गावात अशी एखादी ओसाड सरकारी जागा असेल. तिला उकिरडा करू नका. ती कुणाची, हे भांडत बसाल तर ती कुणाचीच उरत नाही. आणि माझ्यासारखा दगड चुकून हलवलाच, तर निदान खरं सांगायला पस्तीस वर्षं लावू नका.

अरे, भूमिका आली! बूट काढून पळत येतेय. बाजूला व्हा, बाजूला व्हा... पडलं एकदाचं पाऊल! गेला झोका वर, शहराच्या बाजूला... आणि आला परत गावाच्या बाजूला!