मणीच्या अंगाचा वास

१९९४ साली माघात मेट्टूर धरणाचं पाणी बंद झालं आणि तंजावरातून वाहणारा पुदुआरू कालवा आटू लागला. जागोजागी डबकी उरली, डबक्यांत मासे मेले, आणि सांबशिवचा कुत्रा मणी रोज सकाळी त्या मेल्या माशांवर पाठ घासून घरी येऊ लागला.

सांबशिव वीजखात्यात कारकून होता. वय पन्नाशीच्या घरात, लग्न केलेलं नव्हतं. घरात तो आणि त्याची थोरली बहीण वेंकूबाई. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, अक्कानंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. पुढं ती लग्न होऊन कुंभकोणमला गेली. नवरा तिरुचीच्या एका इस्पितळात दाखल झाला तो परत आलाच नाही, तेव्हा ती भावाकडे आली ती कायमची. त्या दिवसापासून इस्पितळाचं नाव काढलं की तिच्या अंगावर काटा येई. साखरेचा आजार होता, पण त्याच्याही गोळ्या ती मनाला येईल तेव्हाच घेई. सोवळं मात्र कडक. मणीची हद्द परसातल्या विहिरीपर्यंत, त्यापुढं त्यानं पाऊल टाकायचं नाही.

फाल्गुन लागला तसा मणी ही हद्द मोडू लागला. सांबशिव शांपूची पुडी फोडून त्याला विहिरीवर खसाखसा धुई. अंग पुसून होतं न होतं तोच मणी सुटून थेट माजघरात, अक्काच्या पायांशी. तिच्या लुगड्याच्या काठाखाली नाक खुपसायचा, हुंगायचा, चाटायला बघायचा. अक्का हातातल्या पळीनं त्याला हाणायची.

“अय्यो सांबू, आला बघ मेला परत! अस्कं घर नासलं ह्याच्या वासानं!”

वास होता खरा. आधी मंद, मग उग्र. शेजारची कनकलता संध्याकाळी गप्पांना येई, तीही नाकाला पदर लावून पाचच मिनिटांत उठू लागली. अक्का दिवसातून तीनदा उदबत्ती लावी आणि मणीला शिव्या देई. सांबशिव ओशाळून मान खाली घाली.

शेवटी तो मणीला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेला. तिथले शेषाद्री डॉक्टर ओळखीचे. त्यांनी मणीचे कान, दात, कातडी सगळं तपासलं.

“कुत्रा ठणठणीत आहे तुमचा.”

“मग हा घाणीतच का जातो, डॉक्टर? मी एवढा धुतो.”

“तुम्ही धुता म्हणूनही जात असेल,” शेषाद्री हसले. “घाण आपल्याला. त्याच्या नाकाला ती बातमी असते. कुठं काय मेलं, कधी मेलं, कोण आजारी आहे, सगळं त्याला कळतं. पण लोळतो कशाला, हे नक्की कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं, शिकारीला जाताना स्वतःचा वास लपवायला. कुणी म्हणतं, आपल्या माणसांना दाखवायला, की बघा मला काय सापडलं.”

“आमच्या अक्काला दाखवतोय म्हणजे,” सांबशिव म्हणाला, आणि दोघंही हसले.

घरी मात्र हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. अक्कानं जेवण टाकलं. “तो तरी राहील या घरात, नाहीतर मी,” म्हणाली. ज्या बाईनं आपल्याला वाढवलं तिनं उपाशी बसावं, हे सांबशिवला सोसेना. कचेरीतल्या रघुपतीची पापनाशमजवळ नारळाची बाग होती. राखणीला कुत्रा हवाच होता त्याला. रविवारी सांबशिवनं मोपेडच्या पुढच्या जागेत मणीला बसवलं आणि तिकडे नेऊन सोडलं. दोर बांधताना मणी त्याचे हात चाटत होता.

सोमवारी त्यानं सगळं घर फिनाइलनं धुतलं. मंगळवारी वास तसाच. छपरात उंदीर मेला असेल म्हणून बुधवारी माणूस बोलावून कौलं उतरवली. काही नाही. गुरुवारी सकाळी अक्का स्वयंपाकघरातून देवाकडे गेली, आणि तांबड्या गुळगुळीत फरशीवर तिच्यामागं एकाआड एक पिवळट ओले ठसे उमटले. प्रत्येक ठशावर माशा येऊन बसल्या.

“अक्का, पाय दाखव.”

“काही नाही रे. हळद लावते मी.”

“दाखव म्हणतो ना!”

आयुष्यात तो तिच्यावर पहिल्यांदा ओरडला. ती मुकाट्यानं पाटावर बसली. त्यानं तिचा उजवा पाय मांडीवर घेतला, खोबरेल आणि हळदीत भिजलेली चिंधी सोडवली. टाचेत बोट जाईल एवढं भोक पडलं होतं, आणि कडेनं पाऊल घोट्यापर्यंत काळं. पाय त्यानं तसाच मांडीवर धरून ठेवला.

“कधीपासून?”

“मोठ्या देवळात उन्हात प्रदक्षिणा घातल्या ना, तेव्हा फोड आला. दुखत नाही, सांबू. मुळीच दुखत नाही. मग दवाखाना कशाला?”

“वास तुझाच आहे, हे तुला ठाऊक होतं?”

तिनं देवाकडे तोंड फिरवलं.

इस्पितळातल्या शल्यवैद्यानं पट्टी उघडून बघितली आणि लगेच बंद केली. पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, म्हणाला. तीन आठवडे आधी आणलं असतं तर पाऊल वाचवता आलं असतं. सांबशिवनं कागदावर सही केली. खाटेवरून अक्का त्याच्याकडे बघत होती, लहान पोर बघावं तशी. तिला आत नेलं तेव्हा तिनं त्याच्या सदऱ्याची बाही धरली होती. नर्सनं ती सोडवली.

ती घरी आली तेव्हा वैशाख संपत आला होता. मधल्या काळात सांबशिव दोनदा पापनाशमला जाऊन आला होता. मणीनं चौथ्याच दिवशी दोर कुरतडला होता. “पश्चिमेकडे पळाला, तंजावरच्याच वाटेला,” रघुपती म्हणाला. सांबशिवनं कालव्याकाठची गावं हाका मारत पालथी घातली, बसथांब्यावर, चहाच्या टपऱ्यांवर विचारलं. तपकिरी, एक कान फाटलेला कुत्रा कुणीच पाहिला नव्हता.

घरातला वास गेला होता. कनकलता येऊन पुन्हा तासभर बसू लागली. एका दुपारी ती गेल्यावर अक्का म्हणाली, “त्याला आण परत.”

“कुणाला?”

“मणीला. येऊ दे आत. माजघरात राहिला तरी चालेल.”

सांबशिवनं कनकलताचा पेला उचलून बाजूला ठेवला.

“पळीनं मारलं रे मी त्याला. रोज मारलं. एकदा डोळ्याजवळ लागलं, तरी परत आला. कधी आणशील?”

“ऊन जरा उतरू दे,” तो म्हणाला.

ती भिंतीला टेकून बसायला धडपडत होती, आणि कापलेला पाय घसरत होता. सांबशिवनं त्याखाली उशी सरकवली. मग ती काढून घडी करून पुन्हा सरकवली. तरी तिला नीट बसता येईना.