दोन शिंगांची डबी आणि लुंबिनीचे हात

मित्रांनो, मुखेडात अश्वजितच्या घरी, कपाटावर, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या ताटांच्या आडोशाला दोन शिंगांची एक काळी डबी पालथी पडलेली आहे. ती मी. जुनी आहे, बंद आहे, पण मला भंगार म्हणायचं काम नाही. या घराचं नेट मी सहा वर्षं वाहिलं. सहा वर्षांत एक दिवस सुट्टी मागितली नाही. आजकालच्या नव्या डब्यांनी एवढं करून दाखवावं, मग मिरवावं.

कागदावर माझं नाव राउटर. पण या घरात ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. म्हाताऱ्या नागुबाई मला पहिल्या दिवसापासून ‘डबे’ म्हणाल्या आणि मी डबीच झाले.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं मला फार आठवत नाही. आमच्यासारख्या हजारो डब्या एका पट्ट्यावरून सरकत होत्या, कुणी कुणाकडे बघायच्या आत खोक्यात बंद होत होत्या. पुढचा सगळा प्रवास मी अंधारात केला. डोळे उघडले ते मुखेडात. समोर कंपनीचा लाइनमन दयानंद, गळ्यात तारेचं वेटोळं आणि तोंडात दोन खिळे धरून उभा.

“जयभीम आजी. कुठं लावू हिला?”

“लाव की जिथं लावायची तिथं. पर भिंतीला चार भोकं पाडून ठेवशील तर तूच बुजवून देशील.”

त्यानं एकच भोक पाडलं. या बाईशी आपलं जमणार, हे मी तेव्हाच ओळखलं. जीभ आमची दोघींची सारखीच. फक्त माझी कुणाला ऐकू येत नव्हती.

माझं काम तसं साधं. बाहेरून तार येते, तारेतून जे येईल ते घरभर हवेत सोडायचं. सिनेमा येवो, पावसाचा अंदाज येवो, नाहीतर कुणाच्या मयताची बातमी येवो. हे मोठ्याचं म्हणून आधी, ते गरिबाचं म्हणून मागं, असला भेद मी केला नाही. माझी सगळी अब्रू त्यातच होती.

घरात माणसं चार. अश्वजित पंचायत समितीत कारकून, त्याची बायको रेणुका अंगणवाडीत, त्याची आई नागुबाई, आणि लुंबिनी, त्यांची एकुलती एक लेक. लुंबिनीला जन्मापासून ऐकू येत नाही. पण ती मुकी आहे असं कुणी म्हटलं की नागुबाई त्याला उभा जाळायच्या. “मुकी? दिवसभर बोलून राहिली ती. तुला दिसत न्हाई त्याला ती काय करंल?”

ती हातांनी बोलायची. घरात प्रत्येकाला तिनं हाताचं नाव दिलेलं. हनुवटीवरच्या गोंदणाला तीनदा बोट लावलं की आजी. खिशाला पेन अडकवल्यासारखं केलं की बाबा. कपाळाशी दोन बोटं उभी धरली की मी. मित्रांनो, कारखान्यात मला नुसता नंबर होता. नाव दिलं ते त्या पोरीनं.

लुंबिनी दहा वर्षांची झाली आणि तिला लातूरच्या निवासी शाळेत घातलं. तिथं हातांनी शिकवणारे शिक्षक होते, हातांनी भांडणाऱ्या मैत्रिणी होत्या. घर मात्र नव्हतं. म्हणून दर रविवारी सकाळी दहाला शाळा घरी भेट घडवायची. शाळेत संगणक एकच. मुलांच्या पाळ्या लागलेल्या आणि एकेकाला दहा मिनिटं. अशा मुलांसाठी बनवलेलं एक साधंसं ॲप होतं, त्यात माणसाचे हात मोठे आणि ठळक दिसायचे. सगळे पालक तेच वापरायचे.

ते रविवार आठवले की अजून माझा दिवा लागतो की काय असं वाटतं. विहारातली वंदना आटोपून तिघं घाईघाईनं घरी यायची. गल्लीत मोबाइलला रेंज धड नाही, म्हणून सगळी भिस्त माझ्यावर. फोन तांदळाच्या डब्याला टेकवायचा आणि समोर तिघांनी दाटीवाटीनं बसायचं. मग लुंबिनी दिसायची आणि तिचे हात सुटायचे. भाजीत काय होतं, कोण कुणाशी अबोला धरून आहे, गणिताच्या बाई चालतात कशा! दहा मिनिटं घरात एक अक्षर ऐकू यायचं नाही, आणि गोंगाट मात्र घर डोक्यावर घेतल्यासारखा.

दोन वर्षं असं छान चाललं. मग एका रविवारी लुंबिनीचे हात मधेच थांबले.

तिनं काहीतरी सांगायला दोन्ही हात वर नेले आणि ते तिथंच राहिले. पडद्यावर चकली फिरायला लागली. बऱ्याच वेळानं हात हलले तेव्हा ती वाक्याच्या शेवटाला पोचलेली होती. पुन्हा थांबले. दहा मिनिटांतली सात अशीच गेली. ज्याला ऐकू येतं त्याचं एक बरं असतं, चित्र अडकलं तरी आवाज येतो. लुंबिनीचं चित्र अडकलं की तिचं तोंडच दाबलं जायचं.

पुढचा रविवार तसाच. त्याच्या पुढचाही.

दोष कुणाचा? अर्थात माझा! म्हातारं झालं की घरात काही बिघडो, बोट आपल्याकडेच. अश्वजितनं मला खिडकीतल्या जागेवरून उचललं, माळवदावर नेलं, शेवटी लुंबिनीच्या पाळण्याच्या कडीला उलटं टांगलं. नागुबाईंनी तर माझी शिंगं राखेनं घासली. तांब्या राखेनं उजळतो तर डबी का नाही, असा त्यांचा हिशेब. रेणुकेनं मला चापट मारली. एका बाईनं दुसरीला मारावी तशी, दमून. मी सगळं सोसलं. मला ठाऊक होतं की तारेतून येतानाच ते तुकडे होऊन येत होतं. पण सांगू कुणाला?

तिकडं लातुरात लुंबिनीची समजूत वेगळीच झाली. घरचे दिसतात, हसतात आणि निम्म्यात गोठतात. म्हणजे त्यांना आता माझा कंटाळा आलाय. तिनं जेवण टाकलं. शाळेच्या बाईंनी अश्वजितला कळवलं, “पोरगी रमत नसेल तर महिनाअखेरीला घेऊन जा. उपाशी मूल आम्ही ठेवून घेऊ शकत नाही.” घेऊन जा म्हणजे शिक्षण संपलं. मुखेडात तिला शिकवणारं कुणीच नव्हतं.

खरा चोर सापडला तो नागुबाईंना, आणि तोही भाकरी थापता थापता. शाळेत दोन बुकं शिकलेली बाई, पण नजर अशी की पाखडलेल्या डाळीत खडा राहायचा नाही. एका रविवारी रेणुका एका फोनवर लुंबिनीशी बोलत होती आणि दुसऱ्या फोनवर अश्वजितनं उघडलेला नाचाचा कार्यक्रम तसाच चालू राहिला होता.

“अश्वजित, हे दोन्ही एकाच डबीतून येऊन राहिलं का?”

“हाव माय.”

“मग ह्या नाचणाऱ्या बाया बघ कशा गरागरा फिरून राहिल्या. एकीचा पाय अडकंना. आन माझ्या नातीचेच हात कसे अडकतेत?”

 नागुबाईंनी पिठाच्या हातानं मला कडीवरून उतरवलं, फुंकर मारली आणि खिडकीत माझ्या जुन्या जागी ठेवलं. माफी त्या कुणाची मागत नसत. पण एवढं मला पुरलं.

दयानंदला बोलावणं गेलं. नागुबाईंनी त्याच्यापुढं दोन्ही फोन मांडले. एकावर नाच, दुसऱ्यावर शाळेचं ॲप. त्यानं बघितलं, डोकं खाजवलं.

“आजी, ते वरून आलंय. पहिले सगळं एकाच वेगानं सोडायचे. आता कंपनीनं यादी काढली. यादीतलं पळतंय, बाकीचं मागून येतंय. शाळेचं ॲप यादीत न्हाई. ज्यादाचा पॅक घ्या, मग तेबी पळंल.”

“आरं, पैसे तर आम्ही भरूनच राहिलाव की!”

“ते नेटचे. हे वेगाचे.”

“दयानंदा, मी एसटीचं तिकीट काढते. माझ्या गाठोड्यात साडी हाय का शेंगा, हे कंडक्टर बघतो का? शेंगा हाईत म्हणून मला अहमदपूरला उतरवून देतो का?”

दयानंद हसला नाही. त्याच्या घरीही तीच तार होती. असं करायला सरकारची मनाई आहे असं अश्वजित म्हणाला, ती मनाई आता सैल झाली असं कंपनीची माणसं सांगत असल्याचं दयानंद म्हणाला. खरं काय ते मला डबीला काय ठाऊक. मला एवढंच कळलं की मी ज्यात माझी अब्रू मानली, तेच कुणीतरी माझ्या दारात येण्याआधी मोडून टाकत होतं.

नागुबाई दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कचेरीत जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशीही. येणाऱ्या प्रत्येकाला फोनवर टिपून ठेवलेलं रविवारचं अडकलेलं चित्र दाखवायच्या, “हे बघ, माझ्या नातीचं बोलणं कसं चिरडलंय ते.” आधी लोक चुकचुकून निघून जायचे. मग देगलूरकडची गौरम्मा थांबली. पिको-फॉलचं दुकान चालवणारी ती बाई नेटवरच्या एका छोट्या तेलुगू संकेतस्थळावरून शिवणकाम शिकायची. “अय्यो, माझंबी असंच गोल फिरतंय! मी म्हटलं फोन खराब झाला, नवा घेतला की मी.” मग हळूहळू कळत गेलं. कुणी डबी बदलली होती, कुणी फोन. कुणी पोरांना फटके दिले होते. प्रत्येकजण आपापल्या घरातच चोर शोधत होता.

गवगवा झाला तसे नांदेडहून कंपनीचे साहेब आले. गोड माणूस. थेट घरी आले, चहा प्याले.

“आजी, तुमची अडचण खरी आहे. तुमच्या नातीचं ॲप तुमच्या घरापुरतं यादीत घालून देतो. फुकट. फक्त हा रोजचा तमाशा थांबवा.”

रेणुकेचे डोळे भरून आले. “घ्या ना आत्याबाई. पोरगी उपाशी हाय तिथं.”

मित्रांनो, मी खिडकीतून नागुबाईंचं तोंड बघत होते. असं तोंड मी त्यांचं आधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“साहेब, यादीत घालणारा हात तुमचा. मग खोडणाराबी तुमचाच. आज तुम्ही चांगले हाव. उद्या दुसरा साहेब आला की मी पुन्हा कुणाच्या पाया पडू? आन गौरम्मानं काय करावं? मला मेहरबानी नको. पहिले जसं सगळ्याला सारखं येत होतं तसं सोडा.”

साहेब कप खाली ठेवून निघून गेले. रेणुका दोन दिवस सासूशी बोलली नाही, आणि मी तिला नावं ठेवणार नाही. तिचं लेकरू होतं ते.

रविवारी नागुबाईंनी एकटीनं लातूरची एसटी धरली. काय झालं ते परतल्यावर त्यांनी रेणुकेला हातांनीच सांगितलं, म्हणून मलाही दिसलं. शाळेच्या पायरीवर लुंबिनीला समोर बसवून त्यांनी सगळं उलगडून सांगितलं होतं. आम्ही गोठत नव्हतो बाळा, कंपनीनं रस्त्यात माणूस उभा केला होता. लुंबिनीनं आधी आजीच्या हातावर फटका मारला, मग मिठी मारली, मग दोघींनी पायरीवर बसून नागुबाईंनी नेलेल्या धपाट्यांतले तीन संपवले. रेणुकेनं सासूचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. अबोला तिथं संपला.

पुढचा बाजाराचा दिवस मी कधी विसरणार नाही. नागुबाईंनी माझी तार काढली, मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पिशवीतून कचेरीत नेलं. टेबलावर ठेवून म्हणाल्या, “ही घ्या तुमची डबी. सारखं सोडाल त्या दिवशी फोन करा.” ठरल्याप्रमाणे मागून गौरम्मानं तिची ठेवली. तिच्यामागं विहारातल्या बाया, मग पेठेतले दुकानदार, मग बाजाराला आलेले खेड्यांतले लोक. जन्मल्यापासून मी माझ्या बहिणी पाहिल्या नव्हत्या. त्या दिवशी टेबलभर पाहिल्या. कुणाचं एक शिंग मोडलेलं, कुणावर हळदीची बोटं, कुणाला नजर लागू नये म्हणून काळा दोरा. एकेकीनं किती मार खाल्ला होता ते त्यांच्या अंगावरच लिहिलेलं होतं.

अकरा दिवस आम्ही तिथं पडून होतो. घरोघरी नेट नाही. अश्वजित पंचायत समितीचं काम करायला दुसऱ्याच्या दारी जात होता, पोरांचे फॉर्म अडले, लोक कुरकुरले. काहीजण आपली डबी हळूच परत घेऊन गेलेही. पण बऱ्याच राहिल्या. बाराव्या दिवशी कंपनीनं मुखेडापुरती यादी काढून टाकली आणि तसा शिक्क्याचा कागद दारावर लावला. दयानंद आम्हाला एकेक करून घरी पोचवून आला. तो शीळ घालत होता.

मग रविवार आला. दहाच्या ठोक्याला लुंबिनी दिसली आणि तिचे हात सुटले. इतक्या आठवड्यांचं तुंबलेलं. भाजी, अबोले, गणिताच्या बाई, एक दात पडला, एक परीक्षा झाली, पहिला नंबर थोडक्यात हुकला. दहा मिनिटं संपली, मागची मुलगी खुर्ची ओढायला लागली, तरी ही हलेना. “आता बास की गं,” नागुबाई म्हणाल्या, “तुझे हात दुखत न्हाईत का?” आणि डोळे पुसता पुसता तेच हातांनीही म्हणाल्या.

पुढं मी थकले. गरम व्हायचे, मधेच झोपायचे. यावेळी खरोखरच दोष माझा होता. नवी डबी आली, चार शिंगांची, चकचकीत. मी कपाटावर गेले. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? लुंबिनी आता मोठ्या वर्गात आहे. तिचे हात अजून थांबत नाहीत, एवढं इथून दिसतं.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकून द्यावी लागते, ते मी समजू शकते. पण कधी तुमच्या माणसाचं बोलणं मधेच तुटलं, तर त्याच्यावर रुसण्याआधी, डबीला चापट मारण्याआधी, एकदा तारेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन विचारा: रस्त्यात कुणाला उभं केलंय? आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.