खिसेवालीचा रविवार

मी एक जुने शिलाई मशीन आहे. मित्रांनो, माझी कीव करायची असेल तर इथेच थांबा. माझा रंग उडाला आहे, आवाज खरखरीत झाला आहे, पण टाका अजून सरळ पडतो.

माझी नोकरी शर्टांच्या कारखान्यात होती. तिथे लांबच लांब रांगा होत्या. एका रांगेत कॉलर, एका रांगेत बाह्या, एका रांगेत बटणे. माझ्या वाट्याला छातीवरचा डावा खिसा आला. आयुष्यभर तेवढाच! तो शर्ट पुढे कोणाच्या अंगावर गेला, हे मला कधी कळले नाही. माझ्यावर बसणाऱ्या बाईंचेही तेच. सगळे त्यांना खिसेवाली म्हणत. घरी दोन मुली, भाड्याची खोली आणि पगार एकटीचा. त्या मान वर न करता काम करत. साहेब पाहुण्यांना आमचा खिसा दाखवून मिरवत. कौतुक आम्हा दोघांनाही आवडायचे, खोटे कशाला बोलू?

मग नवी मशीने आली. ती म्हणे दोरासुद्धा स्वतःच कापतात. बाईंना त्यातल्या एकावर बसवले, मला गोदामात ढकलले आणि मी पुठ्ठ्यांखाली धूळ खात पडले. कोणी साधे फडके मारले नाही. त्याचा मला राग आला होता आणि आजही येतो. एक दिवस भंगारवाला मला न्यायला आला. बाईंनी त्याला फाटकातच गाठले, घासाघीस केली आणि मला घरी आणले. खिडकीजवळ जागा दिली, पोटातली धूळ झाडली, तेल घातले.

"आता एक अख्खा कपडा शिवू या," त्या मला म्हणाल्या.

तो पहिला कपडा म्हणजे शेजारच्या मावशींचा गाऊन. मावशी वॉकर धरून चालत. दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे चष्मा, फोन, किल्ली, प्रत्येक गोष्टीसाठी सुनेला हाक मारावी लागे. त्याची त्यांना फार लाज वाटे. म्हणून बाईंनी गाऊनला खिसा लावला, पण हाताच्या सवयीने तो नेमका डाव्या छातीवर लावला! मावशी वॉकरवर वाकल्या आणि चष्मा थेट फरशीवर.

"अगं, हा खिसा आहे की घसरगुंडी?" मावशी म्हणाल्या.

बाई ओशाळल्या आणि लगेच उसवायला बसल्या. मग त्यांनी मावशींना घरभर चालवले, स्वतः वाकून पाहिले. खिसा खाली मांडीच्या बाजूला आला, तोंड तिरके आणि आतून खोल. दुसऱ्या दिवशी मावशी किल्ली खिशात टाकून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकट्या जाऊन आल्या. कोणालाही हाक न मारता. खिसा कशासाठी असतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजले.

हळूहळू रविवारी, बाईंच्या सुट्टीच्या दिवशी, अशाच अडचणी घेऊन माणसे येऊ लागली. घड्याळवाले काका कुबड्यांवर इतके झपझप चालत, की कसाही खिसा लावला तरी त्यातले घड्याळ दुरुस्तीचे भिंग उडून पडे. त्यावर काही केल्या इलाज सापडत नव्हता.

बाईंचा भाऊ म्हणाला, "ताई, सोड ती नोकरी. मन लागतं तेच कर."

या पठ्ठ्याने स्वतः एक नोकरी धड टिकवलेली नव्हती!

"आणि भाडं कोण भरणार, तू?" बाई म्हणाल्या.



मग एका रविवारी साहेब स्वतः दारात उभे राहिले.

"बाई, मोठं काम आलंय. यापुढे रविवारीही यावं लागेल. नाहीतर खिशाची जागा दुसरीला देईन. पुढचं पुढे बघू."

माझी सुई कापडात तशीच थांबली. मला भीती वाटली. पगार बंद झाला तर मुलींची शाळा सुटेल, खोली जाईल आणि मी पुन्हा भंगारात. बाईंचा हात माझ्या चाकावर होता. त्यांचा आवाज स्वच्छ होता.

"सहा दिवस तुमचे, साहेब. त्यात कामचुकारपणा केला तर खुशाल बोला. रविवार मी विकलेला नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. "मग उद्यापासून बटणांवर बसा," असे म्हणून ते निघून गेले. बटणांच्या रांगेत नवशिक्या पोरी बसतात. पगार वाचला, पण इतक्या वर्षांचा मान गेला. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत.

सोमवारी संध्याकाळी त्या परत आल्या, चप्पलही न काढता माझ्यापाशी बसल्या आणि खो खो हसू लागल्या. दिवसभर बटणे लावता लावता त्यांना काकांच्या खिशावरचा इलाज सापडला होता. घड्याळवाल्या काकांचा सदरा त्यांनी पुढे ओढला, खिशाला झाकण शिवले आणि त्यावर दोन बटणे घट्ट लावली. मग सदरा उलटा धरून जोरजोरात झटकला. भिंग आतच राहिले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपून ठेवा, झाकून ठेवा, असे आमच्यासारख्यांनी शेवटी सांगायचे असते. मी तसे सांगणार नाही. मला झाकून ठेवू नका, मला तेल घाला आणि चालवा. आणि साहेब, रविवारी आमचे दार वाजवू नका. आम्ही कामात असतो.