चार अर्धवट रविवार

वृद्धाश्रमात भेटीची वेळ ठरवण्याची वेबसाइट मी एकटीने लिहिली, आणि मला तिचा भारी गर्व होता. माझी आत्याही तिथेच राहते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं.

कुणी रविवारची वेळ मागितली की डेटाबेसमध्ये दोन नोंदी व्हायच्या. पहिली आश्रमाच्या यादीत: अमुक आजींना भेटायला माणूस येणार. ती पाहून सेविका आजींना आंघोळ घालून, चांगली साडी नेसवून खाली बाकावर बसवायची. दुसरी नोंद, येणाऱ्याची वेळ पक्की. यातली एक अडली तर दुसरीही पुसायची, ही आमच्या धंद्यातली बाराखडी. ट्रान्झॅक्शन म्हणतात तिला. मी ती लिहिलीच नव्हती. साइटवर गर्दी होऊन दुसरी नोंद अडली की 'वेळ मिळाली नाही, पुन्हा प्रयत्न करा' एवढं दाखवून मी मोकळी. पहिली तशीच मागे राहायची.

व्यवस्थापकांचा फोन आला. "ताई, म्हातारी माणसं नटूनथटून बसतात आणि कुणी येतच नाही हो."

"त्यांचे घरचेच तसले असतील," मी फटकन म्हणाले, आणि ते सिद्ध करायलाच नोंदी उघडल्या.

एकोणीस अर्धवट निघाल्या. त्यातल्या चार आत्याच्या. वेळ मागणारी मी. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मीच निघाले.

आठवलं सगळं. चारही वेळा 'पुन्हा प्रयत्न करा' आलं होतं, आणि मी पुन्हा बटण दाबलं नव्हतं. सुंठेवाचून खोकला गेला, असं वाटलं होतं. आत्या विचारते, जेवतेस का वेळेवर, कुणाशी बोलतेस का. आठवडेच्या आठवडे मी कुणाशी बोलत नाही, हे तिला कसं सांगू? ती स्वतः फोन करत नाही, माझ्या कामात खोळंबा नको म्हणून.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. मग वेळ मागितली, ती पक्की झाली.

रविवारी खाली बाक रिकामा होता. जिन्यात सेविका भेटली. "तुमचं नाव आलंय, हे मी सांगितलं त्यांना. त्या म्हणाल्या, नाव येऊ दे. माणूस आलं तर उठव."

आत्या खाटेवर पडून होती. मला पाहून ती धडपडत अर्धी उठली.

"आलीस? बरं नव्हतं ना गं तुला? मी सगळ्यांना सांगत होते, माझी पोर आजारी असणार, नाहीतर ती यायची राहते का!"

खापर वेबसाइटवर फोडता आलं असतं. खोटंही ठरलं नसतं. पण तिच्यासमोर मला ते जमेना.

"बरी होते मी, आत्या. चारही रविवार घरीच होते."

ती हळूहळू आडवी झाली, भिंतीकडे कूस वळवली. भेटीची वेळ संपेपर्यंत मी तिच्या पाठीकडे बघत बसून राहिले.